कमी दिवसांच्या लेकराचं वय दोन तारखांनी मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १७ नोव्हेंबरला वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा दिवस जगभर पाळतात. मोठ्या दवाखान्यांत कार्यक्रम होतात, एक-सव्वा किलोचं लेकरू कसं वाचवलं याच्या बातम्या फोटोसह येतात. त्या वाचून मला मनापासून आनंद होतो. मी आरोग्य सेविका म्हणून नोकरीला लागले तेव्हा आमच्या भागात एवढं लहान लेकरू सहसा वाचत नसे. पण नोव्हेंबरात आमच्या बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागातल्या कितीतरी वाड्या आणि तांडे ऊसतोडीला गेलेले असतात. वाचलेल्या लेकरांचं पुढं काय झालं हे बघायला कुणी गेलंच, तर घराला कुलूप असतं. म्हणून मला लिहायचंय ते लेकरू काचेच्या पेटीतून घरी आल्यानंतरच्या दीड-दोन वर्षांबद्दल. मान धरणं, कुशीवर वळणं, बसणं, उभं राहणं, पाऊल टाकणं हे सगळं याच काळात व्हायचं असतं.

माझी नोकरीची बहुतेक वर्षं बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या उपकेंद्रांवर गेली. आता निवृत्त आहे, तरी गावातल्या सुना-लेकी लेकरू दाखवायला अजून दारात येतात. शिवाय माझ्या लेकीचा मुलगा एकतिसाव्या आठवड्यात जन्मला, तेव्हा ही काळजी मी आजी म्हणूनही भोगलेली आहे.

सदतीस आठवडे पुरे व्हायच्या आत जे बाळ जन्मतं ते मुदतपूर्व. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, आणि त्यातली ३० लाखांच्या वर एकट्या आपल्या देशात. हा आकडा कोणत्याही देशापेक्षा मोठा आहे. यातली बहुतेक बाळं चांगली वाढतात, चालतात, शाळेत जातात, हे आधीच सांगते, म्हणजे हे पत्र वाचून कुणा आईच्या पोटात गोळा यायला नको. पण बाळ जितकं लवकर आलेलं, जितकं वजन कमी, तितकी त्याच्या हालचाली उशिरा येण्याची आणि मेंदूला इजा राहून गेल्याची शक्यता जास्त. बत्तीस आठवड्यांच्या आतल्या बाळांकडं तर फारच बारकाईनं बघावं लागतं.

आमच्याकडं अजून म्हणतात की सातमाशी लेकरू जगतं आणि आठमाशी जगत नाही. हे साफ चुकीचं आहे. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फुप्फुसाला आणि मेंदूला बळ देतो, त्यामुळं आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा सुरक्षितच असतं. हा समज अजून टिकून आहे आणि त्याचा त्रास असा, की आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्या तर घरचे आधीच आशा सोडून बसतात आणि गाडी काढायला उशीर करतात. सातमाशी लेकरू जगलं की उलट सगळे निर्धास्त होतात. 'सातमाशीच आहे, सगळं उशिरानंच होणार त्याचं,' असं म्हणून पुढची दोन वर्षं कुणी काही बघत नाही.

माझं सगळं म्हणणं या एका वाक्यापाशी येऊन थांबतं. किती उशीर चालेल आणि कुठं थांबायचं नाही, हे मोजता येतं. त्यासाठी दोन तारखा लागतात. एक जन्माची आणि दुसरी दिवस भरायची, म्हणजे बाळंतपणाची जी तारीख आम्ही कार्डावर लिहून देतो ती. लेकराच्या हालचाली बघताना वय दुसऱ्या तारखेपासून धरायचं. डॉक्टर याला 'करेक्टेड एज' म्हणतात. दोन वर्षांचं होईपर्यंत असंच मोजायचं.

माझ्या नातवाचंच सांगते. लेकीची शेवटची पाळी नागपंचमीच्या सुमारास आलेली, १० ऑगस्ट. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की १७ मे. ही तिची दिवस भरायची तारीख. बाळ आलं १५ मार्चला, शिमग्याच्या दिवसांत. म्हणजे नऊ आठवडे आधी. डिसेंबरात तो नऊ महिन्यांचा झाला तेव्हा शेजारणी विचारू लागल्या, 'अजून बसंना का गं?' त्याच महिन्यात पलीकडच्या वाड्यातलं पोरगं धरून उभं राहत होतं, त्यामुळं तुलना रोजचीच. लेक रडकुंडीला आली होती. मी तिला कॅलेंडर पुढं घेऊन मोजायला लावलं. १७ मेपासून मोजलं तर नातू सातच महिन्यांचा होता. सात महिन्यांचं लेकरू हातांचा टेका घेऊन बसत असेल, मान ताठ धरत असेल, दोन्ही हातांनी खुळखुळा घेत असेल, तर त्याचं बरं चाललंय. संक्रांतीनंतर तो बिनआधाराचा बसला. पुढल्या आषाढीच्या सुमारास, दुसऱ्या तारखेनं चौदा महिन्यांचा असताना, अंगणात पाऊल टाकलं.

इथं एक जागतिक मोजमापही सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांच्या हालचाली बघून २००६ साली ते प्रसिद्ध केलं. त्यात बिनआधाराचं बसणं साधारण पावणेचार ते सव्वानऊ महिन्यांत आणि एकट्यानं चालणं सव्वाआठ ते साडेसतरा महिन्यांत आलेलं दिसतं. केवढी मोठी फट आहे बघा. काही लेकरं तर रांगतच नाहीत, बसल्या बसल्या सरकतात आणि थेट उभी राहतात. म्हणून शेजारच्या पोराशी तुलना करून आईला घाबरवू नये. पण या फटीला एक शेवटही आहे. दुसऱ्या तारखेनं मोजून चार महिने झाले आणि लेकरू मान धरत नाही, नऊ महिने होऊन गेले आणि बसत नाही, दीड वर्ष झालं आणि चालत नाही, तर 'होईल हळूहळू' म्हणायचा अधिकार कुणालाच नाही, मग ती आजी असो, शेजारीण असो की आमच्यातली कुणी सिस्टर.

एक गोष्ट मात्र जन्मतारखेनंच करायची, ती म्हणजे लसीकरण. लेकरू कमी दिवसांचं आहे म्हणून दीड महिन्याचा डोस तिसऱ्या-चौथ्या महिन्यावर ढकलणारी घरं मी पाहिलीत. अशा लेकराला उलट संसर्गाचा धोका जास्त. लसीला पहिली तारीख, हालचालींना दुसरी, एवढं आईच्या डोक्यात पक्कं बसलं पाहिजे.

आता हे लेकरू मुळात हळू का असतं? पोटातल्या शेवटच्या दोन महिन्यांत जागा कमी पडते. बाळ गुडघे पोटाशी, हात छातीशी घेऊन मुटकुळं करून बसतं, आणि पाय मारतं तेव्हा पिशवीच्या भिंतीला रेटा देतं. स्नायूंचा तो पहिला व्यायाम. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मतं ते असं आवळलेलं. कमी दिवसांच्या बाळाला तो काळ मिळालेलाच नसतो. ते पेटीत सपाट पडून असतं, हात-पाय पसरलेले, मान मागं. म्हणूनच चांगल्या नवजात कक्षात सिस्टर कापडाची गुंडाळी करून त्याच्याभोवती घरटं करतात, हात तोंडाशी आणून ठेवतात. ते लाडाचं काम नसून उपचाराचा भाग आहे. आईच्या उघड्या छातीला बाळ बांधून ठेवायची पद्धत, कांगारू काळजी, तीही तशीच. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या पुरेनात तेव्हा ती सुरू झाली, आणि आज जागतिक आरोग्य संघटना दिवसाचे किमान आठ तास तरी ती करायला सांगते. ती बापालाही करता येते. आमच्या जावयानं शर्टाच्या आत पोरगं घेऊन रात्री काढल्या, गावातल्या कुणी काही म्हटलं तरी.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. बत्तीस आठवड्यांच्या आतल्या बाळाच्या मेंदूतल्या पोकळीभोवतीचा भाग फार नाजूक असतो. श्वास अडला, रक्तदाब खाली-वर झाला, संसर्ग झाला तर तिथं रक्तस्राव होऊ शकतो किंवा मेंदूच्या पांढऱ्या भागाला इजा होऊ शकते. पायांकडं जाणारे तंतू या पोकळीच्या अगदी जवळून जातात. म्हणून अशा लेकरांत हातांपेक्षा पाय जास्त ताठ झालेले दिसतात. दवाखान्यात डोक्याची सोनोग्राफी करतात ती यासाठी. तिचा कागद जपून ठेवावा. ऊसतोडीच्या कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, पावसानं, उंदरानं कागद जातात, म्हणून मी बायांना मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवायला सांगते.

आणि आता जे मला सगळ्यात जास्त बोचतं ते सांगते. आमच्या घरांत धोक्याची खूण कौतुकाची म्हणून बघितली जाते. चार-पाच महिन्यांचं लेकरू काखेत धरून उभं केलं, की ते पाय ताठ करून चवड्यांवर उभं राहतं. आजोबा म्हणतात, 'काय टणक पाय हैत, पैलवान होतंय.' पण त्याच लेकराला उताणं झोपवून हात धरून वर ओढलं तर मान मागं लोंबते. लंगोट बदलताना मांड्या फाकत नाहीत, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. हा ताठरपणा आहे, त्याला ताकद समजू नये.

तसंच हाताचं. एका ऊसतोड कुटुंबातली मुलगी मार्गशीर्षात फडावरच्या मुक्कामी असताना जन्मली, साधारण सात आठवडे आधी. जवळच्या दवाखान्यात काही आठवडे राहिली, वाचली, चैत्रात आई-बापांबरोबर गावी आली. श्रावणात आजी तिला घेऊन माझ्याकडं आली ती तक्रार घेऊन नव्हे, सहज. पोरीपुढं मी बांगडी धरली. तिनं उजव्या हातानं घेतली. डावीकडून धरली, तरी उजवा हातच अंगावरून पलीकडं नेऊन घेतली. आजी कौतुकानं म्हणाली, 'बघा सिस्टर, आत्तापासून उजवाच हात चालवती, शहाणी हाय.' डाव्या हाताची मूठ बंद होती आणि अंगठा मुठीच्या आत. वर्षाच्या आतलं लेकरू डावरं-उजवं नसतं. ते दोन्ही हात सारखे वापरतं. एकच हात वापरायला लागलं, तर दुसरा का चालत नाही हे बघावं लागतं. ती पोर दुसऱ्या तारखेनं तेव्हा साधारण सहा महिन्यांची होती. दवाखान्यातून निघताना मिळालेल्या कागदावर सगळं इंग्रजीत लिहिलेलं होतं. परत तपासायला या असं त्यात होतं, पण ते त्या घरात कुणाला वाचता आलं नव्हतं आणि कुणी वाचून दाखवलंही नव्हतं.

तिला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. डाव्या बाजूला कमजोरी आहे, व्यायाम लगेच सुरू करा, असं तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं आणि आईला एकेक प्रकार हाताला धरून शिकवला. डाव्या हातात खेळणं द्यायचं, दोन्ही हातांनी धरावं लागेल अशी वाटी पुढं ठेवायची, डाव्या कुशीवर वळवायचं. दीड-दोन महिन्यांत डावी मूठ उघडायला लागली. तेवढ्यात दसरा आला आणि मुकादमाची गाडी दारात उभी राहिली. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली, ती लग्नाच्या देण्यात गेलेली. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात, त्यामुळं आई मागं थांबली तर कोयता तुटतो. सगळे गेले. पोरही गेली. कोपीच्या दारात झोळीत पडून राहण्यात तिचे ते महिने गेले, जे तिच्या मेंदूच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचे होते. पुढच्या चैत्रात आली तेव्हा मूठ पुन्हा आवळलेली होती. यात तिच्या आईला मी एका शब्दानंही दोष देणार नाही.

आईला दोष द्यायला आधीच सगळे तयार असतात. ग्रहण पाळलं नाही, पपई खाल्ली, कुणाची दृष्ट लागली. कमी दिवसांची बाळंतपणं होण्याची जी कारणं आम्ही नोकरीत पाहिली ती वेगळी आहेत. रक्त कमी असणं, लघवीचा संसर्ग, वाढलेला रक्तदाब, जुळं, अठराच्या आतलं किंवा जेमतेम अठराचं वय, दोन बाळंतपणांत कमी अंतर. फडावर संडास नसतो म्हणून बाया पाणी कमी पितात, मग लघवीचा संसर्ग होणारच. सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतात. त्यावर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल.

घरी काय करावं, हे थोडक्यात. जागं असताना, आपण समोर बसून, लेकराला दिवसातून बऱ्याचदा थोडा थोडा वेळ पालथं घालावं. सुरुवातीला आईच्या छातीवर घातलं तरी चालतं. झोपवताना मात्र उताणंच. झोळी झोपेपुरती ठेवावी. झोळीत अंग गोळा होऊन राहतं, वळायला, रेटा द्यायला काही मिळत नाही. जमिनीवर गोधडी टाकून त्यावर सोडलेलं लेकरू जास्त शिकतं. तेल लावावं, जरूर लावावं, पण हलक्या हातानं. न्हाऊ घालणाऱ्या बाईला स्पष्ट सांगावं की पाय धरून उलटं टांगायचं नाही, सांधे ओढायचे नाहीत. लोहाचे थेंब सांगितले तितके दिवस द्यावेत. आणि चौतीस आठवड्यांच्या आतलं किंवा दोन किलोच्या खालचं बाळ असेल तर जन्मानंतर महिन्याच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. दिसत नसेल तर लेकरू कशाकडं हात पुढं करणार? ऐकण्याची तपासणीही त्याच वेळी करून घ्यावी.

वॉकरबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण बारशाला किंवा पहिल्या वाढदिवसाला हल्ली तोच भेट येतो. जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा होता. लेकरू आपल्या पायांवर उभं राहून तो ढकलायचं, तोल स्वतः सांभाळायचं. या प्लास्टिकच्या वॉकरमध्ये लेकरू लोंबत बसतं आणि चवड्यांनी जमीन ढकलतं. त्यानं चालणं लवकर येत नाही, उलट लांबतं, आणि पायऱ्यांवरून पडण्याचा धोका वेगळाच. कॅनडानं २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. ज्या लेकराचे पाय आधीच ताठ आहेत त्याला तर चवड्यांवर उभं राहायची वाईट सवय यानं पक्की होते. कृपा करून देऊ नका.

सरकारी योजना नाहीत असं नाही, उलट कागदावर पुष्कळ आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशा ताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातात. त्यापुढं तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात भेट आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येऊन लेकरं तपासतात. पुढच्या उपचारासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळं हालचालींत राहणारा कायमचा दोष, निघाली तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची नोंद आहे, आणि राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत उपचाराचा खर्च मिळू शकतो, ज्यात थेरपीही येते. पण पथक गावात आलं त्या दिवशी लेकरू साखर कारखान्याच्या फडावर असेल, तर तपासणी कुणाची करणार? आणि जिल्ह्याला आठवड्यातून दोनदा जायचं तर, एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं तरी, दिवसाची मजुरी बुडते आणि घरची बाकीची लेकरं कुणाकडं ठेवायची हा प्रश्न राहतोच.

म्हणून माझ्या काही मागण्या आहेत. माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर दिवस भरायची तारीख आणि 'इतके आठवडे आधी' असं मोठ्या अक्षरात, मराठीत लिहिलं जावं. मी गावात बघितलेल्या कमी दिवसांच्या बाळांच्या कार्डांवर जन्मतारीख आणि वजन असतं, आठवड्यांची जागा बहुतेक वेळा कोरी. नवजात कक्षातून सुट्टी देतानाच हे लिहिलं आणि आईला तोंडी सांगितलं तर पुढचं सगळं सोपं होतं. याला एक पैसा लागत नाही.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एक ठरलेला दिवस तरी बसावा, आणि तो बाजाराचा दिवस असावा. बाजाराला माणसं येतातच, जीपा असतात, मजुरी तशीही त्या दिवशी कमी बुडते. सगळे व्यायाम तिथंच व्हायला हवेत असं नाही. आईला शिकवायचं, पुढच्या बाजाराला बघायचं. रोजचं काम आईच करते.

स्थलांतराचं मात्र जिल्ह्या-जिल्ह्यांनी एकत्र बसून ठरवावं लागेल. बीडचं लेकरू सांगली, कोल्हापूर, पुणे, सोलापूरकडं किंवा कर्नाटकात गेलं, तर कोणत्या कारखान्याच्या हद्दीत गेलं हे मुकादमाला ठाऊक असतं. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळानं कामगारांच्या नोंदीबरोबर घरात कमी दिवसांचं, दोन वर्षांच्या आतलं लेकरू आहे का, एवढा एक रकाना ठेवावा आणि ती यादी कारखाना भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडं जावी. तिथल्या आशा ताईंनी कोपीवर जाऊन बघावं. ते लेकरू त्यांच्या गावचं नाही म्हणून ते कुणाच्याच यादीत नाही, असं होऊ नये.

मोबाइलचाही उपयोग करता येईल. हाइन्झ प्रेख्टल नावाच्या डॉक्टरांनी एक तपासणी बसवलेली आहे. दुसऱ्या तारखेनं तीन ते पाच महिन्यांचं बाळ उताणं, जागं आणि शांत असताना त्याची काही मिनिटांची हालचाल नुसती बघायची. निरोगी बाळाच्या मान, खांदे, मनगटं, कंबर, घोटे यांत बारीक बारीक वळवळ सतत चाललेली असते. ती नसेल तर धोका मोठा. बघणारा प्रशिक्षित लागतो, पण व्हिडिओ कुणालाही काढता येतो. फडावरच्या कोपीतूनही काढता येतो. पूर्वी सेरेब्रल पाल्सीचं निदान व्हायला दीड-दोन वर्षं जायची. २०१७ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मांडलं की अशी तपासणी आणि मेंदूचं चित्र एकत्र बघितलं तर ते सहा महिन्यांच्या आतही करता येतं. आमच्या विभागातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या बालरोग विभागांनी, मग ते संभाजीनगर असो, अंबाजोगाई, लातूर की नांदेड, गावांतून आलेले असे व्हिडिओ बघायची सोय केली, तर जिल्ह्याला कुणाला पाठवायचं आणि कुणाला घरीच धीर द्यायचा, हे आशा ताईंना कळेल. दोन्हीची गरज आहे. विनाकारण घाबरून कर्ज काढून मोठ्या शहरात धावणारी घरंही मी पाहिली आहेत, जिथं लेकराला काहीच झालेलं नव्हतं, फक्त वय चुकीच्या तारखेपासून मोजलं होतं.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत शीघ्र हस्तक्षेप केंद्र नेमकं कोणत्या इमारतीत आहे, कोणत्या वारी उघडं असतं, फिजिओथेरपिस्टची जागा भरलेली आहे की रिकामी, ही माहिती आपल्या वार्ताहरांकडून घेऊन जिल्हा पुरवणीत छापावी. दसऱ्याच्या आधी छापली तर जाणाऱ्या कुटुंबांना एकदा तरी लेकरू दाखवून निघता येईल. आमच्या गावात पेपर पारावर आणि चहाच्या टपरीवर वाचला जातो, मुकादमही तिथंच बसतात. ते कात्रण मी अंगणवाडीच्या दारावर चिकटवीन.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
ता. धारूर, जि. बीड

(घरातल्या आणि गावातल्या लेकरांचा उल्लेख असल्यानं नाव छापू नये, ही विनंती.)